तेवढाच वेळ

ऑनलाइन बुद्धिबळातला चोर चांगल्या चालींमुळे सापडतो, असा बाहेरच्या लोकांचा समज असतो, आणि त्या समजापायी दर स्पर्धेत कितीतरी निरपराध माणसांच्या नावानं तक्रारी येतात. चांगली चाल काय, कुणालाही एखाद्या दिवशी सुचते. चोर सापडतो तो घड्याळावर. समोरच्यानं वजीर मारला आहे, तो मारणारं मोहरं उचलून फेकण्याखेरीज दुसरा मार्गच नाही, शाळकरी पोरसुद्धा तिथं थांबणार नाही, आणि तिथं हा गृहस्थ थांबतो. मग पुढं भल्याभल्यांना घाम फुटावा असा गुंता पटावर होतो, आणि तिथंही तो तेवढाच वेळ थांबतो. कारण विचार तो करतच नसतो. तो वाट बघत असतो. आडोशाला ठेवलेल्या यंत्राला पटावरची स्थिती कळवायची, त्याचं उत्तर यायचं, ते गुपचूप वाचायचं आणि खेळायचं, याला सोप्या चालीला जेवढा वेळ लागतो तेवढाच अवघड चालीलाही लागतो.

ऑनलाइन स्पर्धा भरवणाऱ्या कंपनीच्या कचेरीत हे तिनं पहिल्यांदा ठासून सांगितलं, तेव्हापासून तिला सगळे घड्याळबाई म्हणू लागले. घरी नवऱ्यानंही ते नाव उचललं. ती हसून ओ द्यायची, पण ते नाव तिला कुठंतरी बोचायचं, कारण एके काळी ती स्वतः स्पर्धा खेळायची आणि तिचं बुद्धिबळ घड्याळानंच संपवलं होतं. चाल तिला दिसायची, इतरांच्या आधी दिसायची, पण हात उचलायच्या वेळी मन कच खायचं, आणखी एकदा बघू, आणखी एकदा बघू, असं करता करता वेळ संपायचा. जिंकलेले डाव हातचे घालवून घालवून शेवटी तिनं पट माळ्यावर टाकला आणि दुसऱ्यांचे डाव तपासायची नोकरी धरली.

नोकरी तिला मानवली. त्या कंपनीच्या स्पर्धा खेळाडू आपापल्या घरून खेळत, आणि प्रत्येकाला दोन कॅमेरे लावावे लागत. एक समोरून चेहरा दाखवणारा आणि दुसरा बाजूच्या कपाटावर वगैरे उंच ठेवलेला, ज्यातून हात, टेबल आणि खोली दिसावी. तपास विभागात बसून तिनं नाना तऱ्हा पाहिल्या होत्या. एका महाशयांची बायको ऐन डावात मागच्या फडताळावरची धूळ पुसायला यायची, आणि कुठल्या कप्प्यावर फडकं फिरलं त्यावरून महाशय चाल ठरवायचे. त्यांचं घर इतकं लख्ख होतं की संशय आधीच यायला हवा होता.

तिची तपासायची एक रीत होती, आणि ती आता साऱ्या विभागाची झाली होती. कचेरीत त्याला खुर्चीत बसणं म्हणत. संशयिताचा डाव चालू असताना यंत्र कुठली चाल सुचवतं ते आधी मुळीच बघायचं नाही. आपण त्याच्या खुर्चीत आहोत असं समजून त्याच्या बाजूनं मनातल्या मनात खेळायचं, घाम गाळायचा, आणि मग बघायचं की आपल्याला जिथं अडलं तिथं तो अडला का. आकडेमोड नंतर. ती शेजारच्या टेबलावरचे टक्केसाहेब करत. त्यांचं हे नाव पडलं ते जेवण कसं झालं विचारलं तरी टक्क्यांत सांगायच्या सवयीमुळे.

दंतवैद्याचं प्रकरण तिच्याकडे आलं ते अशाच तक्रारींतून. तो चाळिशी ओलांडलेला, कानामागे केस पिकलेला माणूस. दवाखान्याला सुट्टी असते त्या दिवशी तो दवाखान्यातूनच खेळायचा. आठवड्याला एक फेरी अशी ती निवड स्पर्धा होती, आणि तिच्यातल्या पहिल्याला देशाच्या संघात जागा मिळणार होती. आयुष्यभर मधल्या फळीत राहिलेला हा माणूस यंदा एका डावाचा अपवाद सोडला तर हरला नव्हता. विभागप्रमुखांनी तिला बोलावून सांगितलं, "शेवटच्या फेरीपर्यंत काय तो निकाल द्या. दोषी असेल तर नाव जाहीर करावं लागेल, आणि एकदा ते झालं की त्याचं खेळणं तर संपेलच, पण दवाखान्यातही कोण जाईल हो? माणूस लोकांच्या तोंडात हात घालतो."

या स्पर्धेचे डाव पहिल्या फेरीपासून तीच बघत आली होती; आता तिनं नेमानं त्याच्या खुर्चीत बसायला सुरुवात केली. बाजूच्या कॅमेऱ्यात त्याचं टेबल दिसे, आणि त्यापलीकडे रोग्याची ती आडवी, रिकामी खुर्ची आणि तिच्यावर मान वाकवून उभा असलेला विझलेला दिवा. प्रेक्षकांना डाव पाव तास उशिरा दिसत असे, कुणी बाहेरून चाल कळवू नये म्हणून. त्याच क्षणी तो दिसे फक्त तपास विभागाला, म्हणजे त्या पडद्यासमोर बसलेल्या एकट्या तिला.

पहिल्याच डावात तिची खात्री पटत आली की माणूस स्वच्छ आहे. सोप्या चाली तो पटकन खेळत होता, अवघड ठिकाणी अडत होता, कपाळ चोळत होता. टक्केसाहेबांनी आकडे लावून सांगितलं, "बाई, यात काही पाणी मुरत नाही. यंत्राशी जुळणी साधीच आहे. चुकतोही माणसासारखा. तुम्ही खेळलात तर तुमची जेवढी येईल तेवढीच." ती हसली. फाइल बंद करायला हरकत नव्हती.

पण एक प्यादं तिच्या मनात राहिलं. काही सुचेनासं झालं की डावीकडच्या हत्तीपुढचं प्यादं उगीच एक घर पुढं सरकवायची तिला लहानपणापासून खोड होती. तिला खेळायला शिकवणारा तिचा मोठा भाऊ त्यावरून तिला फार चिडवायचा. "आलं आमच्या ताईसाहेबांचं प्यादं फिरायला," म्हणायचा. त्या डावात दंतवैद्याच्या खुर्चीत बसल्या बसल्या तिनं सवयीनं मनात ते प्यादं सरकवलं, आणि स्वतःच्या खोडीचं तिला हसू येतंय तोच पडद्यावर दंतवैद्यानं मान वर करून बाजूच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि डावीकडच्या हत्तीपुढचं प्यादं एक घर सरकवलं.

पुढच्या आठवड्यात तिनं लक्ष ठेवलं. ती उंटाची चाल ठरवी आणि उंट हले. ती दोन चालींमध्ये घुटमळे आणि दंतवैद्य कपाळ चोळत बसे. तिचं ठरलं की त्याची मान वर होई आणि हात पुढं येई. सारख्या घडणीची दोन डोकी जगात असू शकतात, असं तिनं स्वतःला बजावलं. तेवढ्यात घरून नवऱ्याचा फोन आला. नळदुरुस्तीवाला आला होता आणि गच्चीची किल्ली सापडत नव्हती. ती बाहेरच्या पॅसेजमध्ये गेली, किल्ली मिठाच्या बरणीमागे, नाही, त्या दुसऱ्या बरणीमागे, असं सांगण्यात तिचा बराच वेळ गेला. परत आली तेव्हा पट जसाच्या तसा होता. समोर एक चाल होती, मारायचं ते मारायची, अगदी उघडी. दंतवैद्याचं घड्याळ धावत होतं, आणि तो हात मांडीवर ठेवून, मान वर करून, बाजूच्या कॅमेऱ्याकडे बघत बसला होता.

ती खुर्चीत टेकली, पटाकडे पाहिलं, घोड्यानं मारायचं, असं तिच्या मनात आलं, आणि घोडा हलला.

तिनं टक्केसाहेबांना शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "हा एकच डाव हरला ना, तो कसा हरला होता?"

"तो होय? मीच बसलो होतो त्या दिवशी. तुमच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नव्हतं का, तुम्ही रजेवर होतात. अहो, डावात काहीच झालं नाही. सुरुवातीलाच अडला आणि वेळ संपेपर्यंत हललाच नाही. नुसता त्या कॅमेऱ्याकडे बघत होता बिचारा. मला वाटलं, चक्कर वगैरे आली की काय."

त्या संध्याकाळी ती चालत घरी निघाली. रस्त्यावर दुकानदार पाट्या आत घेत होते, एक बाई कुत्र्याला ओढत होती. आपण घाबरायला हवं, असं तिला कळत होतं, आणि ती घाबरलीही होती. पण भीतीच्या खाली आनंद होता, आणि तो इतका निखळ होता की तिला लाज वाटली. इतकी वर्षं जो हात तिला उचलता आला नाही, तो कुणीतरी तिच्यासाठी उचलत होतं. ती पुन्हा खेळत होती. खेळत होती आणि जिंकत होती. दोषी म्हणून शेरा मारला तर त्या माणसाचं जे काही होईल ते होईल, पण तिचंही खेळणं संपणार होतं. आणि निर्दोष म्हणून लिहिलं तर तो तिच्या आयुष्यातला पहिला खोटा अहवाल ठरणार होता. बाहेरून मदत मिळत होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

घरी नवऱ्यानं चहा टाकला होता. आईला आता एकटं ठेवायचं की इकडे आणायचं, हा विषय ऑपरेशनपासून दोघांमध्ये लोंबकळत होता. दादाकडे जागा नव्हती, इथं जिने होते, आणि आईला तिचं घर सोडायचं नव्हतं. नवऱ्यानं विचारलं, "मग, काही ठरलं का तुझं?" ती म्हणाली, "बघू रे. डोकं चालत नाहीये." तो म्हणाला, "तुझं बघू म्हणजे निदान एक ऋतू गेला," आणि तिच्यापुढं कप ठेवला.

शेवटच्या फेरीआधी नियमाप्रमाणे तिनं दंतवैद्याची व्हिडिओवर चौकशी केली. पांढरा कोट घालूनच तो बसला होता. दोन रोग्यांच्या मधली वेळ काढली होती. आवाज मऊ होता, दुखेल जरा, असं सांगायची सवय असलेल्या माणसाचा.

"चाल खेळण्यापूर्वी तुम्ही बाजूच्या कॅमेऱ्याकडे बघता. कशासाठी?"

"बघतो का?" तो खरंच गोंधळला. "माझ्या लक्षात नाही आलं, मॅडम."

"तुम्हाला चाल सुचते कशी, ते जरा सांगा."

"आता कसं सांगू. पूर्वी मी फार डोकं खाजवायचो. यंदा तसं होत नाही. कुणीतरी आपल्या डावाकडे मन लावून बघतंय असं वाटलं की मला खेळता येतं. ते माणूस उठून गेलं की समोरची चालसुद्धा दिसत नाही. माझे पेशंट म्हणतात ना, डॉक्टर, तुम्ही नुसते जवळ उभे राहिलात तरी बरं वाटतं, तसंच काहीसं." तो ओशाळं हसला. "यात काही नियमाबाहेरचं आहे का?"

"कोण बघतंय असं वाटतं?"

"ते मी कसं सांगणार?" तो म्हणाला. "बघायला तर तुम्हीच बसता ना, मॅडम?"

त्यात ना उपरोध होता, ना इशारा. त्यानं दाराकडे पाहून कुणाला तरी आत यायची खूण केली आणि निरोप घेतला.

शेवटच्या फेरीच्या दिवशी तिनं ठरवून टाकलं होतं. डाव ऐन रंगात आला की ती मन घट्ट करून एक तद्दन वाईट चाल मनात धरणार होती. त्यानं ती खेळली, तर संशयाला जागाच उरणार नव्हती, आणि ती जे खरं ते लिहून मोकळी होणार होती. कोणी काय म्हणायचं ते म्हणो. तिनं नवऱ्याला फोन करू नकोस म्हणून सांगितलं, टक्केसाहेबांना मध्ये बोलू नका म्हणून बजावलं, आणि दंतवैद्याच्या खुर्चीत बसली.

डाव सुंदर झाला. तिच्या साऱ्या आयुष्यात तिनं इतका सुंदर डाव खेळला नव्हता, आणि मध्यावर आल्यावर तो मोडायचं तिच्या जिवावर आलं. समोरचा खेळाडू तरबेज होता. पटावर दोन्हीकडून मोहरी एकमेकांत अडकली होती आणि कुठूनही वाट दिसत नव्हती. आता, असं ती स्वतःला म्हणाली. तिनं डोळे पटावर रोवले आणि सगळा जीव एकवटून मनात वजीर उचलला आणि समोरच्या प्याद्याच्या तोंडी दिला. फुकट, काही कारण नसताना. दे, असं ती मनात म्हणत राहिली, दे तो वजीर.

दंतवैद्यानं मान वर केली. बाजूच्या कॅमेऱ्यात त्याचे डोळे सरळ तिच्यावर आले. त्याचा हात वजिरापर्यंत आला, थांबला, आणि मग त्यानं हळूच, समजुतीनं, नकारार्थी मान हलवली, इंजेक्शन नको म्हणणाऱ्या पोराकडे बघून हलवावी तशी.

आणि त्याच वेळी तिच्या डोक्यात एक चाल आली. ती तिनं शोधली नव्हती. पटाच्या ज्या कोपऱ्याकडे तिनं डावभर ढुंकून पाहिलं नव्हतं, तिथला मागे पडलेला उंट एका घरानं मागेच घ्यायचा, आणि सगळा गुंता सुटत होता. विचार नाही, घालमेल नाही, आणखी एकदा बघू नाही; कुणी हातात आणून ठेवावी तशी ती चाल आली, आणि तिच्यामागोमाग, किंचित उशिरा, पडद्यावर दंतवैद्यानं उंट एक घर मागे घेतला.

"अरे बापरे," तिच्या पडद्यावरून चाली आपल्या यंत्रात भरणारे टक्केसाहेब न राहवून पुटपुटले. "यंत्राच्या यादीत ही चालच नाही. थांबा, आता आली. आता म्हणतंय हीच. बाई, हे काही चोरीचं काम नाही. शंभर टक्के."

डाव त्यानं जिंकला. तिनं अहवालात लिहिलं की खेळाडूला बाहेरून मदत मिळाल्याचा पुरावा आढळला नाही, आणि लिहिताना तिचा हात कुठंही अडला नाही. डाव जिंकून देणारी ती उंटाची चाल तिची नव्हतीच, तेव्हा हे खरंच होतं. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली. दंतवैद्याचं नाव संघात लागलं, त्याचा फोटो सगळीकडे आला, आणि कचेरीतल्या दोघांनी त्याच्याकडे दात दाखवायला जायचं ठरवलं. तिच्याकडे दुसऱ्या फाइली आल्या आणि तो पडदा बंद झाला.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, असं म्हणायला हवं. घोळ घालायची तिची सवय मोडली. कुठली फाइल आधी घ्यायची, कुठल्या भाजीवाल्याकडे थांबायचं, दादाच्या कुरकुरीला काय उत्तर द्यायचं, हे तिला आता बरोबर कळे. माळ्यावरचा पट तिनं खाली काढला आणि कचेरीतल्या स्पर्धेत टक्केसाहेबांसकट सगळ्यांना हरवलं; एकदाही घड्याळ तिला नडलं नाही. "जादू केली की काय कुणी तुमच्यावर," टक्केसाहेब म्हणाले, आणि ती नुसती हसली.

एका सुट्टीच्या दिवशी दुपारच्या चहाला ती आणि नवरा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले होते. खिडकीतून शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या.

"आईंचं काय करायचं मग?" नवऱ्यानं विचारलं.

ती थांबली. मग म्हणाली, "तळमजल्यावरची ती मागची जागा भाड्यानं घेऊ. आईला स्वतःचं घर राहील, आणि जिनेही नकोत. दादाला म्हणू, अर्धं भाडं तू दे."

नवरा बघतच राहिला. इतक्या महिन्यांत हे कुणालाच सुचलं नव्हतं. "वा," तो म्हणाला. "घड्याळबाई, मानलं तुला." तो उठला आणि डबा उघडून तिच्यापुढं धरला. "बिस्किट?"

ती थांबली. मग म्हणाली, "नको."

तो डबा तसाच धरून उभा राहिला. त्याच्या कपाळावर हलकीशी आठी आली होती, पण ओठांवर चिडवायचं हसू होतं. "हल्ली एक गंमत बघतोय मी. आईंचं काय करायचं, याला तू जेवढा वेळ घेतलास, तेवढाच बिस्किटालाही. काहीही विचारलं तरी तेवढाच वेळ घेतेस. आणि वर त्या कपाटावर काय बघतेस गं प्रत्येक वेळी?"

"मी? कुठं बघते?" असं ती म्हणाली, पण तेही जरा थांबूनच.

"बरं, हे तरी चटकन सांग." तो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला आणि खोट्या गांभीर्यानं, चौकशीला बसल्यासारखा, त्यानं हात टेबलावर ठेवले. "तुझं नाव काय?"

तिला हसू आलं. तिनं तोंड उघडलं, मान वर करून कपाटाच्या माथ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून ती वाट बघत बसली.